नाव पडतं ते कशावरून?

पानोपानी : लेखांक ६

पडलेली पानं लक्षात कशी ठेवायची ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता पानं धरणाऱ्यांकडे वळू. नेमाने जमणाऱ्या कुठल्याही अड्ड्यावर काही महिन्यांत प्रत्येकाचं नाव पडलेलं असतं. हा फेकू, तो चिवट, तिसरा हात भरल्याशिवाय रुपया न काढणारा. अशी नावं चहाबरोबर फुकट मिळतात आणि लोक त्यांच्या भरवशावर पैसे लावतात. पण अशा नावावर किती विसंबायचं, हे आधी खेळाला विचारावं. डाव संपला की किती पानं उघडी पडतात?

मेंढीकोटात सगळीच पडतात. चौघांत तेरा-तेरा पानं, आणि शेवटच्या हातापर्यंत त्यातलं एकही झाकून राहत नाही. भिडूचा एक्का दिसताच मेंढी देऊन टाकणारा, हुकूम असून काटायला बिचकणारा, मेंढी शेवटच्या दोन हातांपर्यंत दडवून ती गमावणारा, सगळ्यांचा हिशेब तिथल्या तिथे होतो. त्यामुळे मेंढीकोटात पडलेलं नाव बहुतेक खरं असतं. (ते ठेवतो भिडूच, आणि तेही शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात.)

रमीत थोडं कमी दिसतं, पण पुरेसं दिसतं. कोणी डाव लावला की बाकीच्यांनाही पानं मांडून गुण मोजावे लागतात, जास्तीत जास्त ८०. झाकलेली राहतात ती ड्रॉप घेतलेल्यांची. पहिल्याच पाळीला उठणाऱ्याला २० पडतात, नंतर उठलं तर ४०. वरचेवर वीस देऊन मोकळा होणारा माणूस एखाद्या डावात बसून राहिला, तर त्याचं बसणंच बोलतं. बाकी रमीत सगळ्यांकडे सारखंच लक्ष देण्याची गरज नसते. तुम्ही टाकलेलं पान तुमच्या पुढच्यालाच उचलता येतं, म्हणून सवयी पाठ करायच्या त्या त्याच्या. काही जण मागच्यासाठी गळ टाकतात. हातात बदाम आणि चौकट नव्वी असते, इस्पिकची हवी असते. मग ते इस्पिकची दश्शी टाकतात. मागच्याला वाटतं, याला इस्पिक नको, आणि तो नव्वी सोडतो. शो झाल्यावर मांडलेली पानं नीट पाहिलीत, तर ही खोड एकदाच फसवते.

१९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पडणारी पानं लक्षात ठेवावी लागतात, हे त्यातलं एक कारण. माणसंही लक्षात ठेवावी लागतात, ते निकालात नाही. त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाच्या बाजूला गेला.

आणि नावांचा खरा घोळ होतो तो याच तीनपत्तीत. पानं दिसतात ती शेवटी उरलेल्या दोघांनी शो केला तरच. बाकी सगळे पॅक झाले, तर जिंकणारा पानं न दाखवता पैसे ओढतो. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात निघतात. त्यांतल्या १६,४४० हातांत जोडी नाही, क्रम नाही, रंग नाही. म्हणजे चारांतले तीन हात जवळजवळ रिकामे, आणि रिकाम्या हातावर चाल प्रत्येक जण कधी ना कधी करतोच. ती साधली तर कोणाला कळत नाही. फसली तर सगळ्यांना कळते आणि वर्षभर कळत राहते. त्यामुळे ‘फेकू’ हे नाव फेकणाऱ्याला पडत नाही, पकडल्या गेलेल्याला पडतं. त्याच्याइतकंच फेकणारा पण वेळ ओळखून फेकणारा दुसरा गडी ‘पान असल्याशिवाय येत नाही’ म्हणून मिरवतो, आणि त्या नावामुळे त्याची पुढची फेक आणखी सहज खपते.

त्यात तिसऱ्या माणसाची गंमत. तिघे उरलेत तोवर शो मागता येत नाही. साइड शो मागायचा तर आधीच्या गड्याकडे, तोही पानं पाहून खेळत असेल तर, आणि त्याने हो म्हटलं तर. निकाल कळतो त्या दोघांनाच. अशा वेळी नाव बदनाम असलेला फेकू चाल करत राहतो आणि उरलेले दोघे एकमेकांकडे बघतात. त्याला पकडायचा खर्च एकाच्या खिशातून, फायदा सगळ्यांना. मग आपण कशाला? पाच जणांच्या बैठकीत फेकू दीर्घायुषी असतात ते यामुळे.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४च्या ग्रंथात पोकरचं गणित मांडताना फेकण्याची दोन कारणं दिली. एक उघड आहे, पान नसताना जिंकणं. दुसरं असं की, जो कधीच फेकत नाही त्याला चांगल्या पानावर कोणी पैसे देत नाही. पकडलं जाणं ही त्या हिशेबात जाहिरात आहे. म्हणून आपलं नाव काय पडलंय हे ठाऊक असलेल्या फेकूपासून जरा जपून.

मग नोंद कशाची ठेवायची? पानं न उघडता जे दिसतं त्याची. पानं पाहिल्यावर हा किती डावांत टिकतो? ऑनलाइन पोकरमधली नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअरही प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे आधी हाच आकडा दाखवतात, कारण त्यासाठी प्रत्येक डाव उपयोगी पडतो. पकडलेली फेक क्वचितच हाती लागते. जोडी किंवा त्याहून बरं पान साधारण चार डावांत एकदा येतं. पानं पाहूनही दर दुसऱ्या डावात चाल करणाऱ्याचा हात बघायची गरज काय?

२०१९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रॅमने सहा जणांच्या पोकरमध्ये अव्वल व्यावसायिकांना हरवलं. तो स्वतःशीच खेळून शिकला होता आणि समोरच्याच्या सवयींप्रमाणे आपला खेळ बदलत नव्हता. यावरून नावं-सवयी निरर्थक, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. व्यावसायिकांच्या खेळात भोकं बारीक असतात. आपल्या अड्ड्यावर ती दरवाजाएवढी असतात, आणि त्यांतून आत न जाणारा पैसे सोडून उठतो.

ब्रिजने हा प्रश्न नियमांतच घेतला आहे. तिथे खोटी बोली लावायला मुभा आहे, पण तुमचा भिडू वारंवार तसं करत असेल आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर ती तुमच्या जोडीची पद्धत धरली जाते आणि विरोधकांना ती कळू द्यावी लागते. भिडू विचारात पडला, तर त्यावरून तुम्ही काही ताडून त्याचा फायदा घ्यायचा नाही. विरोधकांनी खुशाल ताडावं, स्वतःच्या जबाबदारीवर. आणि त्या रंगाचं एकच पान हाती असताना, टाकण्यापूर्वी मुद्दाम घुटमळून समोरच्याला चकवणं नियमबाह्य आहे.

पुढच्या आठवड्यात ब्रिजचा लिलाव, आणि भिडूशी बोलायचं ते सगळ्यांच्या देखत कसं.