पत्राचे सांचे आणि ऊहाचा विवेक

संकल्प सांगतांना पुरोहित 'अमुक'च्या जागीं यजमानाचें गोत्र व नांव घालतात; पोथी तीच, यजमान निराळा. संगणकावरील लेखनांतहि हीच युक्ति आहे. कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानें २००३ सालीं आरंभिलेल्या 'ऑर्ग-मोड'मध्यें मथळे व पोटमथळे यांची उतरंड रचून मजकूर लिहितां येतो. तेथें निमंत्रणपत्राचा सांचा एकदां करून ठेवला, कीं पुढें प्रत्येक वेळीं यंत्र नांव व स्थळ विचारून रिकाम्या जागीं भरतें. दिनांकहि आपण होऊन घालतें.

परंतु मराठींत एक अडचण आहे. स्थळाच्या रिकाम्या जागेस 'त' प्रत्यय जोडून ठेवला, तर 'पुणे' भरतांच 'पुण्यांत' न होतां 'पुणेत' उमटतें! मीमांसासूत्रांच्या नवव्या अध्यायांत ऊहाचा विचार आहे: मंत्रांतील देवता बदलली, तर त्या अनुरोधानें शब्दाचें रूपहि बदलावें लागतें. हा विवेक अशा सांच्यास नाहीं. म्हणून स्थळापुढें 'येथें', नांवापुढें 'यांचा' असे सुटे शब्द योजावे. म्हणजे मूळ नाम अविकृत राहतें. लिंगभेदानें क्रियापदें बदलतात. सबब मुलाच्या व मुलीच्या पत्रांचे सांचे वेगळे ठेवावे. पत्र छापावयास देण्यापूर्वीं घरांतील कोणी तरी तें मोठ्यानें वाचून पाहावें, अशी आमची वाचकांस सूचना आहे.