टॉवर 12 ते 16

सकाळी 6.10. मायामीच्या उत्तरेला, हॉलओव्हरच्या थांब्यावर तो बसमधून उतरतो. भाडं 2.25 डॉलर. रस्त्याखालच्या भुयारातून वाळूवर येतो. वय पन्नाशीचं, मूळ गाव होंडुरासमध्ये. लांब बाह्यांचा सदरा, टोपी, मानेला फडकं, पायात मोजे. आज दिवसभर या पट्ट्यात सगळ्यात जास्त कपडे याच्याच अंगावर असतील.

6.40. लगेच काम सुरू करता येत नाही. जून म्हणजे कासवांच्या विणीचा हंगाम. रात्री मादी वर येऊन गेली का, ते माग बघणारे आधी तपासतात. घरटं सापडलं की भोवती खुंट्या आणि फीत. तेवढी जागा धंद्यातून गेली. तोवर तो कॉफी पितो.

7.15. पेटीचं कुलूप निघतं. चाळीस खुर्च्या, वीस छत्र्या, सगळ्या भाड्याने द्यायच्या. एका खेपेला चार खुर्च्या, दोन्ही खांद्यांवर. छत्रीचा दांडा तो नुसता खुपसत नाही. मागेपुढे डुलवत डुलवत ओल्या वाळूपर्यंत नेतो, मग वाऱ्याच्या अंगाला किंचित कलवतो. सरळ रोवलेली छत्री वारा उपटून नेतो. चुकून कुणाला लागली तर? इथे तर मध्ये कापडही नाही.

9.00. जीवरक्षक आले. पिवळा झेंडा, सोबत जांभळा. जांभळा म्हणजे पाण्यात डंख मारणारं काही आहे. बाकीच्या किनाऱ्यांपेक्षा हा झेंडा इथे जरा जास्त मनावर घेतात.

9.30. पाटीपाशी एक जोडपं थबकलंय. पुढे विवस्त्र माणसं दिसू शकतात, असं पाटी सांगते. जीवरक्षकांच्या टॉवर 12 ते 16 मधला हा पट्टा 1991 पासून असाच आहे. त्यासाठी साउथ फ्लोरिडा फ्री बीचेस ही संघटना झटली. चारचौघांत नागडं फिरणं फ्लोरिडात गुन्हाच, पण त्यासाठी राखलेली जागा कायद्यानेच वगळली आहे. अश्लील चाळ्यांना मात्र इथेही माफी नाही. कपडे काढायची सक्ती नाही, मुभा आहे. जोडपं आत येतं. बाई पोहण्याच्या कपड्यांतच राहते. कुणी वळूनही बघत नाही.

10.20. "टॉवेल, प्लीज." दिवसातून तीसेक वेळा तो एवढंच बोलतो. खुर्चीवर आधी पंचा, मग बूड. हा शिष्टाचार कुणी मोडला तर बादली, साबण आणि फडकं याच्याच हातात. पैसे घेताना नजर नोटांवर, बोलताना चेहऱ्यावर, बाकी वेळ समुद्रावर. पहिल्या आठवड्यात मान अवघडली होती म्हणे.

12.30. डब्यात भात आणि राजम्यासारखी लाल बी. खातो उभ्यानेच.

1.40. बघ्या आला. जीन्स, बूट, हातात मोबाइल, तोही आडवा धरलेला. न विचारता फोटो काढू नये आणि टक लावून बघू नये, हे इथलं लहान पोरही सांगेल. (बघ्या या शब्दात आपण किती अचूक तिरस्कार भरून ठेवलाय, ते मला इथे कळलं.) खुर्चीवाला भांडत नाही. एक छत्री उचलतो, बघ्या आणि बायकांच्या मधोमध रोवतो, आडवी कलवतो. दुसरी आणतो. तिसऱ्या छत्रीला बघ्या निघून जातो. या तीन छत्र्यांचं भाडं कुणीच देणार नाही.

3.15. ढग गडगडले. पाणी रिकामं करायची शिट्टी. वीस छत्र्या मिटायला त्याला नऊ मिनिटं लागतात. लोक भुयाराकडे पळतात आणि तोंडाशी अडकतात, कारण पट्ट्याबाहेर अंगावर कपडे हवेत. भर पावसात, ओल्या अंगावर, एका पायावर उड्या मारत चड्ड्या चढवणं चाललंय. हा एकटाच कपड्यात तयार. आणि सगळ्यात जास्त भिजलेलाही हाच.

4.30. पाऊस थांबला. दोघेजण भाडं परत मागतात. मालक फोनवर नाही म्हणतो. बोलणी याला बसतात, बक्षिशीही जाते.

6.00. खुर्च्या धुऊन पेटीत. तासांची मोजणी सात ते पाचच धरतात. फ्लोरिडाचं किमान वेतन, तासाला 14 डॉलर. म्हणजे 140, शिवाय बक्षिशीचे 31. वरचा तास कासवांच्या खात्यात, असं तो हसून म्हणतो.

6.20. वाळूत सापडलेल्या वस्तू पेटीवर मांडून ठेवतो. एक चष्मा, दोन चपला, दोन्ही डाव्या. आणि निळी चड्डी, नीट घडी केलेली. तिचा मालक अजून पाण्यात आहे.