रेडिएटरची निगा : एका धान्य व्यापाऱ्याचा अनुभव

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात ज्यांची हयात गेली, त्यांना धान्याची पारख शिकवावी लागत नाही. परंतु गिरणीमागे पत्र्याच्या छपराखाली जे डिझेल इंजिन उभे असते, त्याच्याकडे आम्ही व्यापारी मंडळी ते बंद पडेल त्याच दिवशी पाहतो. आम्ही मॅट्रिकपुढे शिकलो नाही. तेव्हा यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने लिहिण्याचा आमचा मानस नाही. जे भोगले व त्यातून जे समजले, तेवढेच सभासद बंधूंपुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, लष्करात पारा ४५ अंशांवर असता, वीज गेली म्हणून आमच्या डाळ गिरणीचे इंजिन चालू केले. दुपारी तापमानाचा काटा लाल खुणेस लागला. चालकाने इंजिन बंद करून तत्काळ रेडिएटरचे झाकण फिरविले. आतील पाणी दाबाखाली होते. ते उकळतच वर उसळले आणि त्या बिचाऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गडबडीत दुसऱ्याने बादलीभर गार पाणी आत ओतले व तापलेल्या सिलिंडर हेडला चीर गेली. हेड नवे आणता आले. हात बरा होण्यास दीड महिना लागला. चालकाने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. दोष मात्र आमचाच होता. ‘पाण्याने काय बिघडते?’ असे म्हणून कुलंटचा खर्च आम्हीच दोन वर्षे नाकारला होता.

डिझेलच्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच कामी येतो. तितकाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्यापैकी बहुतेक पाण्याला वाहून न्यावा लागतो. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. वाऱ्याला जितका अधिक पृष्ठभाग मिळेल तितके पाणी निवते, हे तत्त्व आजही तेच आहे. मात्र याच बारीक वाटा डाळ गिरणीत घातक ठरतात. तुरीचे फोलपट व कोंडा उडून पातळ पत्र्यांमध्ये बसतो, तेलाचा अंश लागला की त्याचा लगदा होतो, आणि पंखा फिरत असूनही वारा आरपार जात नाही. आमच्या रेडिएटरमधून असा घमेलेभर ऐवज निघाला! तो वाऱ्याच्या उलट दिशेने, हलक्या दाबाच्या हवेने काढावा. तेलकट असल्यास साबणाच्या पाण्याने धुवावा. जोराचा फवारा मारल्यास पत्रे वाकतात.

आतील शत्रू निराळा. आपल्या घरी पाणी गाळून वापरण्याची रीत आहे. परंतु गाळण्याने जीवजंतू व कचरा अडतो, विरघळलेले क्षार अडत नाहीत. क्षारयुक्त पाणी तापले की नळ्यांच्या आत पांढरा थर धरतो व तो उष्णतेला बाहेर पडू देत नाही. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व कुलंट निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात घालावे. ग्वाल्हेरीस पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असे आम्हीही विचारीत असू. त्याने गंज रोखला जातो व उकळण्याचे तापमान वाढते. झाकणाचा दाबही तेच काम करतो. त्याची रबरी कडा फाटली असल्यास झाकणच बदलावे. पंख्याचा पट्टा सैल नाही हे इंजिन बंद असतानाच पाहावे.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका, असा सल्ला काही मिस्त्री देतात. तो मानू नये. इंजिन योग्य तापमानास पोहोचत नाही, डिझेल अधिक जळते व झीज वाढते.

आता आमच्याकडे रोज सकाळी, इंजिन गार असता, पाण्याची पातळी पाहून वहीत नोंद होते. काटा चढलाच तर भार काढून, थोडा वेळ रिकामे चालवून मग इंजिन बंद करतात, आणि पूर्ण निवेपर्यंत झाकणास कोणी हात लावीत नाही. त्या वहीवर सही तोच चालक करतो.

जुन्या कुलंटविषयी एक गोष्ट राहिली. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते; ते चवीला गोड, पण विषारी. गल्लीतील कुत्रे-मांजर ते चाटून मरते. त्यामुळे ते नालीत अथवा अंगणात न ओतता झाकणबंद पिंपात साठवून विल्हेवाटीसाठी योग्य ठिकाणी द्यावे, व जमिनीवर सांडलेले लगेच पुसून घ्यावे.