गाडीचा कर कोणाच्या गल्ल्यात?

शोरूममध्ये गाडी पसंत पडली की विक्रेता एक कागद पुढे सरकवतो. वर ठळक अक्षरात एक्स-शोरूम किंमत, खाली आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज आणि शेवटी ऑन-रोडची बेरीज. आपण शेवटचा आकडा बघतो, घासाघीस करून मॅट आणि सीट कव्हर फुकट मिळवतो आणि सही करतो. मधल्या ओळींतला पैसा कोणत्या सरकारकडे जातो, हे विचारायचे राहूनच जाते. मग कधी फी वाढली किंवा कर घटला की ‘सरकारने लुटले’ किंवा ‘सरकारने दिले’ एवढेच आपण म्हणतो. पण इथे सरकार एक नाही. ठरवणारे एक, वसूल करणारे दुसरे आणि खर्च करणारे तिसरे, असा हा मामला आहे.

गैरसमज १ : रोड टॅक्स भरला, म्हणजे रस्त्याचे पैसे दिले

ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो, त्याचे कायद्यातले नाव मोटार वाहन कर. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ५७ व्या नोंदीत वाहनांवरचा कर येतो, म्हणजे तो राज्याचा. महाराष्ट्रात तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो. घटनेच्या २६६ व्या अनुच्छेदानुसार ही रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. त्याच निधीतून शिक्षकांचे पगार, कर्जाचे व्याज, निवृत्तिवेतन आणि रस्तेही होतात. गाडीच्या कराचा रुपया रस्त्यावरच पडला पाहिजे, असे बंधन नाही.

आता घरासमोरचा खड्डा घ्या. शहरातला तो रस्ता बहुधा महापालिकेचा असतो आणि आरटीओत भरलेला कर महापालिकेच्या तिजोरीत थेट जात नाही. पालिका तो खड्डा मालमत्ता कर, राज्याचे अनुदान आणि इतर उत्पन्नातून बुजवते. ‘एवढा रोड टॅक्स भरतो आणि रस्ता बघा’ हा संताप खरा आहे, फक्त पत्ता चुकलेला आहे.

रस्त्यासाठी वेगळा राखून ठेवलेला पैसा ही कल्पना मात्र जुनी आहे आणि तिच्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर लावून तो रस्त्यांसाठी बाजूला काढावा, असे तिने सुचवले आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. पुणे विद्यापीठातले जयकर ग्रंथालय याच जयकरांच्या नावाचे. त्यांनी राखीव पैसा सुचवला तो इंधनावरच्या करातून. आजही केंद्राचा रस्ते निधी इंधनावरच्या उपकरातूनच भरतो, आपल्या रोड टॅक्समधून नाही.

गैरसमज २ : फी दिल्लीने वाढवली, म्हणजे पैसा दिल्लीला गेला

नोंदणी, परवाना, फिटनेस, नूतनीकरण यांची फी केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ठरते. १९८९ च्या या नियमांतला ८१ वा नियम म्हणजे या फीचे दरपत्रक. त्यात बदल दिल्लीतून होतो, पण आरटीओत भरलेली फी राज्याच्या तिजोरीत जाते. सरकारी हिशेबात ‘वाहनांवरील कर’ या नावाचे ००४१ क्रमांकाचे लेखाशीर्ष आहे. राज्याचा कर आणि केंद्राने ठरवलेली फी, दोन्ही त्याखालीच नोंदले जातात.

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षे जुन्या गाड्यांच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी अशीच उडी मारून वर गेली : दुचाकीला ३०० चे १,००० आणि मोटारीला ६०० चे ५,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली, दुचाकीला २,००० आणि मोटारीला १०,०००. निर्णय केंद्राचा, जमा राज्याच्या खात्यात. जुनी गाडी पासिंगला नेणाऱ्याला पर्यावरण करही भरावा लागतो. तो मात्र राज्याच्याच कायद्यातला. खिसा एकच असल्यामुळे हा फरक आपल्या ध्यानात येत नाही, एवढेच.

या फीवाढीमागे तिजोरी भरण्यापेक्षा जुनी गाडी भंगारात काढायला लावण्याचा हेतू मोठा आहे. तो साधला तर ही फी भरणारेच कमी होतील. फीवाढ यशस्वी झाली की तिचे उत्पन्न आटते, असा हा उलटा हिशेब आहे.

गैरसमज ३ : जीएसटी कमी केला, फटका केंद्राला बसला

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि भरपाई उपकरही गेला. जाहिरातींचा पाऊस पडला. राज्याच्या हिशेबात काय झाले, ते एका गाडीवर मांडून बघू.

समजा, कर धरून एका लहान पेट्रोल गाडीची किंमत आज ९ लाख रुपये आहे. त्यात मूळ किंमत ७,६२,७१२ आणि जीएसटी १,३७,२८८. जीएसटीचा निम्मा भाग, म्हणजे ६८,६४४ रुपये, थेट राज्याचा. शिवाय १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के मोटार वाहन कर आहे, तो झाला ९९,०००.

कपातीआधी हीच गाडी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर धरून ९,८३,८९८ रुपयांना पडली असती. राज्याचा जीएसटीतला वाटा १,०६,७८० आणि वाहन कर १,०८,२२९ झाला असता. म्हणजे एका गाडीमागे राज्याचे सुमारे ४७,००० रुपये कमी झाले. त्यातले ९,००० रुपये तर राज्याने आपल्या कराला हात न लावता गेले, कारण आपला वाहन कर शोरूमच्या किमतीवर बसतो. किंमत उतरली की तोही आपोआप उतरतो. गाड्या जास्त खपल्या तरच ही तूट भरून निघते.

केंद्राचा निम्मा भागही सगळा दिल्लीत राहत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. या गाडीवरच्या केंद्राच्या ६८,६४४ रुपयांतून त्या हिशेबाने महाराष्ट्राकडे परत येतात जेमतेम १,७८० रुपये. गेलेला उपकर मात्र या वाटपात कधीच नव्हता. जीएसटीमुळे राज्यांना आलेली तूट भरून देण्यासाठी तो लावला होता आणि पुढे करोनाकाळात राज्यांसाठी काढलेले कर्ज फेडायला वापरला गेला.

गैरसमज ४ : पेट्रोलवरचा केंद्राचा कर वाढला की राज्यालाही वाटा मिळतो

एप्रिल २०२५ मध्ये पेट्रोलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढून २१.९० रुपये झाले. पंपावरचा दर तेवढाच राहिला, म्हणून फार कोणाच्या लक्षातही आले नाही. या २१.९० मधले मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे आहे आणि राज्यांत वाटले जाते ते तेवढेच. बाकीचे विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी उपकर या नावांनी येते. घटनेच्या २७० व्या अनुच्छेदाने उपकर आणि अधिभार वाटपाबाहेर ठेवले आहेत. रस्ते निधीतून राज्यांना कामांसाठी पैसे मिळतात, पण केंद्र मंजूर करेल त्या कामांसाठी.

म्हणून कर वाढल्याची बातमी वाचताना किती वाढला याइतकेच कोणत्या नावाने वाढला हे महत्त्वाचे. वाटा मिळणार की नाही, ते त्या नावावर ठरते.

गैरसमज ५ : लाइफटाइम टॅक्स एकदा भरला की देशभर चालतो

तो चालतो भरलेल्या राज्यात. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार नवा नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाचा परतावा मागावा लागतो. सतत बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या बीएच (भारत) मालिकेत एकरकमी ओझे नाही, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. नंबरात ‘भारत’ असला तरी हा कर केंद्राचा नव्हे. तोही राज्यालाच मिळतो.

राज्याराज्यांतल्या वाहन कराच्या दरांतल्या फरकामुळेच महागड्या गाड्यांचे पासिंग कमी कराच्या राज्यात करून घेण्याची चलाखी चालते. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. दोन कोटींच्या पेट्रोल गाडीवर १३ टक्क्यांनी २६ लाख होतात. पूर्वी मर्यादेमुळे २० लाखांवर काम भागायचे, आता पूर्ण २६ लाख भरावे लागतात. हे वाढीव सहा लाख राज्याला मिळतील, पण गाडी इथे नोंदली गेली तरच.

राज्याराज्यांत वेगवेगळा कर भरण्याच्या प्रश्नावर मालट्रकच्या राष्ट्रीय परवान्याने वेगळा मार्ग काढला. पूर्वी राज्याराज्याच्या नावाने वेगळे डिमांड ड्राफ्ट काढावे लागत. २०१० पासून एकच ठोक रक्कम भरायची, ती २०१२ पासून वर्षाला १६,५०० रुपये आहे. पैसे एका ठिकाणी गोळा होतात आणि ठरलेल्या सूत्राने राज्यांत वाटले जातात.

गैरसमज ६ : नव्या नंबर प्लेटचे पैसे सरकारने कमावले

एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, तेव्हा ही ओरड घरोघरी ऐकू आली. महाराष्ट्रात दुचाकीच्या प्लेटचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. मोटारीचा ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. मूळ दर प्लेट बनवणाऱ्या कंत्राटदार कंपनीचा. सरकारकडे जातात ते वरचे ८१ किंवा १३४ रुपये आणि तेही केंद्र व राज्यात निम्मे-निम्मे. दर जास्त वाटत असेल तर वाद घालायचा तो निविदेवर, कायद्यावर नाही.

गैरसमज ७ : टोल माफ झाला, म्हणजे कोणीच भरत नाही

२०१५ मध्ये राज्याने १२ टोलनाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली. मात्र कंत्राटदाराचा करार संपला नव्हता, म्हणून भरपाई राज्याच्या तिजोरीतून द्यावी लागली. आधी टोल गाडीवाला भरत होता. माफीनंतर तो कधीही गाडीत न बसलेल्या माणसाच्या करातूनही भरला गेला.

तेव्हा पुढच्या वेळी शोरूमचा कागद किंवा आरटीओची पावती हातात आली की बेरीज बघण्याआधी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा : हा दर कोणी ठरवला आणि पैसा कोणाकडे गेला? खड्ड्याची तक्रार महापालिकेकडे, वाहन कराचा जाब राज्याकडे, उपकराचा जाब केंद्राकडे. प्रश्न योग्य दारात विचारला, तर ‘ते आमच्याकडे येत नाही’ असे म्हणून कोणाला हात झटकता येणार नाहीत.