उंटाचं पाऊल आणि खाडीचा चिखल

काशिदच्या किनाऱ्यावर उंट आला की सगळ्यांच्या नजरा त्याच्या मानेवर आणि रंगीत झुलीवर. खरं बघायला हवं ते त्याचं पाऊल. उंटाला घोड्यासारखा खूर नसतो. दोन रुंद बोटं, त्यांच्या टोकाला नखं आणि खाली चिवट कातडीत बांधलेली चरबीची गादी. पाऊल टेकलं की ही गादी, थापताना भाकरी पसरावी तशी, चहूबाजूंनी पसरते आणि पाचेकशे किलोंचा भार मोठ्या जागेवर वाटला जातो. नाल ठोकलेला घोडा त्याच पुळणीत खोल रुततो. उंटाचा ठसा मोठा पण उथळ उमटतो. मान आणि छातीचं वजन पुढच्या पायांवर येतं, म्हणून पुढच्या गाद्या मागच्यांहून मोठ्या. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, त्यामुळे लांब ढांगा टाकूनही पुढचे-मागचे पाय एकमेकांना लागत नाहीत. पाठीवर बसलेल्याला डुलल्यासारखं होतं ते यामुळेच.

चिकट ओल्या मातीवर मात्र हीच गादी घात करते. तिला धार नाही, पकड नाही. पाय बाजूला फाकतात आणि जनावर कोसळून जायबंदी होऊ शकतं. अपवाद कच्छच्या खराई उंटाचा. तो खाडी पोहून जातो, तिवरांचा पाला खातो. २०१५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

वाळवंटात उंट आणि माणसं गिळणारी वाळू सिनेमांनी फार दाखवली. पण कोरडी वाळू कुणाला गिळत नाही. त्यासाठी पाणी लागतं. बारीक वाळू, थोडी चिकणमाती आणि खारं पाणी यांची सैल रचना वरून घट्ट भासते. पाय पडला की ती मोडते, क्षणभर पातळ होते आणि मग वाळू खाली बसून पायाभोवती आवळते. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी इराणमधल्या खारट सरोवराजवळच्या वाळूवर प्रयोग करून २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. अशा वाळूची घनता माणसाच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे माणूस साधारण कमरेपर्यंतच जातो, पूर्ण बुडत नाही. मात्र अडकलेलं पाऊल सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने उपसायचं तर मोटार उचलण्याइतकं बळ लागतं.

आपल्या रायगडात ही गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी, कारण इथे खाड्यांची मुखं लागोपाठ आहेत: धरमतर, रेवदंड्याला कुंडलिका, पुढे राजपुरी, दक्षिणेला सावित्री. ओहोटीला उघडा पडलेला गाळ वरून सपाट, चकचकीत दिसतो. त्यात मांडीपर्यंत रुतलेल्या माणसाला गाळ मारत नाही; तो धरून ठेवतो आणि पाठोपाठ भरती येते. रुतलात तर उंटाचं पाऊल करतं तेच करा, भार पसरा. पाठीवरची पिशवी टाका, मागे रेला, हात फाकवा. पाय हिसकू नका. हळूहळू हलवत राहा, म्हणजे भोवती पाणी शिरून गाळ सैल होतो. हाक लगेच मारा, पाणी चढायची वाट बघू नका. मदतीला धावणाऱ्यांनीही गाडीला दोर बांधून ओढू नये, त्याने सांधे निखळतात. फळी टाकावी.

पुळणीवर मोटार नेण्याचा हट्ट तर सोडाच. अरुंद चाक जागीच गरगरतं, स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी लाटांत जाते.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजून पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अलिबागहून कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर त्या दिवशी सकाळी आठच्या पुढे निघावं आणि पाणी वळताच माघारी फिरावं. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी ओसरतं. त्या दिवशी आधी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारावं आणि ते नको म्हणाले तर होडीने जावं.