नदीनं ठेवून घेतलं नाही

मांजरी बुद्रुकच्या पुलावर उभं राहिलं की खाली मुळा-मुठा दिसते. संगमावरून निघालेलं पाणी बंडगार्डन, येरवडा, मुंढवा करत इथे पोचतं आणि पुढे थेऊरच्या बाजूनं भीमेकडे जातं. 2021मध्ये मांजरी महापालिकेत गेली. त्याआधी हे उसाचं आणि द्राक्षांचं गाव होतं, आणि पुणं म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचं शहर. वर जे टाकलं जाई ते वाहत खाली येई.

23 मार्च 1977च्या रात्री वरच्या अंगाला, बंडगार्डनजवळ, या नदीत एक मृतदेह टाकला गेला. लोखंडी शिडीला बांधलेला, दगडांचं वजन लावलेला. टाकणाऱ्यांचा हिशेब असा की तो तळाशी बसेल आणि नदी तोंड मिटून राहील. नदीनं चोवीस तासही वाट पाहिली नाही. 24 तारखेच्या संध्याकाळी देह येरवड्याजवळ वर आला. त्याच दिवशी दिल्लीत मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती. तीनच दिवसांपूर्वी आणीबाणी उठली होती आणि सगळा देश त्या बातम्यांत बुडालेला होता. पुण्याचं मात्र चौदा महिने न सुटलेलं कोडं नदीकाठच्या त्या संध्याकाळी सुटायला लागलं.

ते कोडं म्हणजे ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’. हे नाव मराठी घरांत आजही माहीत आहे. ‘जक्कल’ हे आडनाव तर त्या काळानंतर कित्येक वर्षं शिवीसारखं वापरलं गेलं. मारेकरी राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघंही टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. रंग, अक्षरं आणि जाहिरातींची मांडणी शिकणारी मुलं. ही गोष्ट पुण्याला पचवता आली नाही. दरोडेखोर म्हणून लोकांच्या मनात जो चेहरा असतो, त्याच्याशी यांचं काहीच जुळत नव्हतं.

पहिला बळी त्यांच्या अगदी ओळखीतला होता. महाविद्यालयामागे ज्यांचं हॉटेल होतं, त्या हेगडे यांचा मुलगा. 15 जानेवारी 1976ला त्याला फसवून कर्वे रस्त्यावरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, त्याच्याकडून वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली आणि मग पेशवे पार्कात नेऊन नायलॉनच्या दोरीनं गळा आवळला. देह पिंपात घातला, वर दगड भरले आणि पिंप तळ्यात सोडलं. खंडणीची चिठ्ठी त्यानंतर वडिलांच्या हाती पडली, म्हणजे मुलगा परत येण्याची शक्यता संपल्यावर. पेशवे पार्क म्हणजे ‘फुलराणी’ची बाग. चौदा महिने मुलं त्या छोट्या गाडीत बसून फेऱ्या मारत होती आणि त्याच बागेतल्या पाण्याखाली ते पिंप पडून होतं. या प्रकरणाचे कागद वाचताना मी सर्वांत जास्त वेळ अडखळलो तो इथे.

तळं गप्प राहिलं, म्हणून पोलिसांच्या लेखी हे फक्त एका मुलाचं बेपत्ता होणं राहिलं. खून आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. 31 ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतल्या जोशी यांच्या घरात पती, पत्नी आणि मुलगा असे तिघं मारले गेले. 22 नोव्हेंबरला शंकरशेठ रस्त्यावरच्या बाफना यांच्या बंगल्यात हे मारेकरी घुसले, पण तिथल्या बाईंनी आणि नोकरांनी असा प्रतिकार केला की त्यांना पळावं लागलं. 1 डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात पाच जणांचा जीव गेला.

इथे थोडं थांबायला हवं. ‘स्मृती’मधले काशीनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे व्याकरणाच्या क्षेत्रातलं मोठं नाव. वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलींच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं, त्याला काशीनाथशास्त्रींनी विस्तृत प्रस्तावनाखंड जोडला. 1961मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्यांचा संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश निघाला. पाणिनीची एकेक संज्ञा कुठून आली आणि कोणत्या टीकाकारानं तिचा काय अर्थ लावला, याचा शांतपणे धांडोळा घेणारं हे काम. उभं आयुष्य शब्दांत घालवलेला ऐंशी ओलांडलेला माणूस, त्यांची पत्नी, विशीच्या उंबरठ्यावरची दोन नातवंडं आणि घरात काम करणाऱ्या सकुबाई वाघ. प्रकरणाला दोन कुटुंबांची नावं मिळाली. हेगडे आणि नदीत टाकलेला गोखले त्या नावात नाहीत, आणि सकुबाई तर ‘मोलकरीण’ एवढ्या एका शब्दात संपतात. मला हे बरोबर वाटत नाही. त्या रात्री मरण पाच जणांचं सारखंच होतं.

डिसेंबरपासून पुणं दिवेलागणीलाच दारं लावायला लागलं. ‘कोण?’ विचारल्याशिवाय कडी निघेना. पेठांतले रस्ते आठच्या आत ओस पडू लागले. रस्त्यावर पोलीस वाढले, पण त्यांच्या हाती धागा नव्हता. वैर सापडावं तर या घरांचं कोणाशी वैर नव्हतं. एकामागून एक अनोळखी घरं मारत जाणाऱ्या माणसांसाठी तेव्हा आपल्याकडे रुळलेला शब्दही नव्हता. ‘सीरियल किलर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत फार पुढे आला. एक उदाहरण डोळ्यांसमोर होतं, मुंबईच्या रामन राघवचं. 1968मध्ये झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्यांना त्यानं मारलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला ओळखून पकडलं. पण तो एकटा होता आणि मनोरुग्ण होता, पुढे त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. पुण्यातले हे चौघं दिवसा वर्गात बसत, मित्रांबरोबर चहा पीत आणि सगळ्यांसारखेच खुनांविषयी बोलत. वर्णनावरून त्यांना कोण ओळखणार?

म्हणून नदीचं महत्त्व. 23 मार्चला गेलेला तरुण गोखले हा त्यांच्याच वर्गमित्राचा धाकटा भाऊ. जक्कलनं त्याला मोटारसायकलवर घरी सोडतो म्हणून बसवलं आणि त्याच शेडवर नेलं. देह येरवड्याला वर आला तेव्हा पोलिसांना पहिल्यांदा असा बळी मिळाला, ज्याच्याभोवती मारेकऱ्यांचंच मित्रमंडळ होतं. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांनी तपासाची सूत्रं घेतली. नायलॉनची दोरी आधीच्या खुनांकडे बोट दाखवत होती. मग सुरू झालं ते सिनेमात कधी न दिसणारं काम. प्रत्येकाला वेगळं बसवायचं, त्या संध्याकाळी कुठे होतास ते विचारायचं, उत्तरं एकमेकांशी ताडून पाहायची. हिशेब जुळेनात. मित्रांपैकी एक खचला, बोलला. पाठोपाठ सुहास चांडक बोलला. हेगडे प्रकरणात तो सामील होता. त्याच्या बोलण्यातून तपास पेशवे पार्कच्या तळ्यापर्यंत गेला आणि पिंप वर आलं.

या गुन्ह्यांच्या गोष्टीत लोकांना पाठलाग आवडतो. मला मात्र त्यापुढची कायद्याची बाजू जास्त धरून ठेवते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. त्या वेळच्या पुरावा कायद्याचं कलम 25 तसं सांगत होतं. कलम 27 एवढीच वाट ठेवत होतं की आरोपीनं सांगितल्यामुळे जी वस्तू सापडली, तिच्यापुरतं त्याचं सांगणं ग्राह्य. चांडकला माफी देऊन साक्षीदार करण्यात आलं. माफीच्या साक्षीदाराबाबत कायदा दोन गोष्टी एकाच वेळी सांगत होता. कलम 133नुसार केवळ साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा झाली म्हणून ती बेकायदा ठरत नाही. आणि कलम 114च्या उदाहरणात म्हटलं होतं की इतर पुराव्याचा आधार मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासार्ह नाही असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून पिंप, दोरी, शिडी या मुक्या वस्तूंना इतकं वजन आलं. माणसाचा शब्द फिरू शकतो, तळ्यातून निघालेलं पिंप फिरत नाही.

खटला मे 1978मध्ये उभा राहिला. 28 सप्टेंबर 1978ला सत्र न्यायाधीश वामन नारायण बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. एप्रिल 1979मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली, नोव्हेंबर 1980मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. पुढे दयेचे अर्ज झाले. मुनव्वर शाहनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं, ‘येस, आय ॲम गिल्टी’. 1986मध्ये राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर होते. त्या चित्रपटानं जक्कलचा चेहरा पक्का केला आणि हेगडे, जोशी, अभ्यंकर, गोखले यांचे चेहरे आणखी मागे गेले. मारणाऱ्याला नट मिळतो. महाभाष्यावर लिहिणाऱ्या शास्त्रींना आणि सकुबाईंना तो कोण देणार?

27 नोव्हेंबर 1983ला चौघांना येरवडा तुरुंगात फाशी दिली. शिडीला बांधलेला देह वर आला तेही येरवड्याजवळच. तिथून नदी पूर्वेला वळते आणि मुंढव्यावरून मांजरीच्या पुलाखाली येते.