'कॉन्फिडन्स' गेला म्हणजे काय गेले?

"पोट्ट्याचा कॉन्फिडन्सच गेला जी डॉक्टरसाहेब. एखादं टॉनिक लिहून द्या." अकोल्याच्या माझ्या दवाखान्यात एका शेतकरी गृहस्थांनी मुलाला पुढे बसवीत सांगितले. मुलगा अमरावतीला खोली करून बारावीच्या क्लासला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा शब्द आता वऱ्हाडात इतका रुळला की हिंमत, धीर, भरवसा हे आपले शब्द मागे पडले. हिमोग्लोबिनसारखा तो अंगात कमीजास्त होतो, अशी समजूत दिसते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ मात्र 'विश्वास ठेवणे'. इंग्रजीत तो दुसऱ्यावरचा विश्वासही असतो. 'कॉन्फिडेन्शिअल' हा त्याचाच भाऊबंद, म्हणजे विश्वासाने सांगितलेले.

स्वतःवरचा विश्वास बाटलीतून येत नाही. एखादे काम स्वतः करून जमल्याचा अनुभव हा त्याचा सर्वांत मोठा आधार, असे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखविली; त्या मंडळींना हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

या मुलाचे दुखणे मात्र वेगळे होते. वडिलांना बाहेर बसविल्यावर तो बोलला. महिनाभर पहाटे तीनला जाग, जेवणावर वासना नाही, वाचलेले डोक्यात शिरत नाही. "मी नसतो तर बरं झालं असतं. बाबांना सांगू नका." मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारले. विचारल्याने ते विचार मनात भरतात, ही भीती खोटी आहे. तो "हो" म्हणाला.

रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरचे कर्तव्य. पण जिवाला धोका असेल तेथे ते थांबते. तसे त्याला सांगून मी त्याच्यासमोरच वडिलांना आत बोलाविले. हा नैराश्याचा आजार होता. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. मुलाला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा, असे बजावले. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांकही लिहून दिला. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत असून रात्रंदिवस चालते. मराठीतही बोलता येते.

चार महिन्यांनी बापलेक पुन्हा आले. "आता जेवते, झोपते जी," वडील म्हणाले. मग जरा दबक्या आवाजात, "मंग ते टॉनिक?"